किनारपट्टीवरील घरे आणि कृत्रिम गवत

कृत्रिम गवत म्हणजे प्लास्टिकची पाती विणलेल्या कापडात दाट टोचून तयार केलेले जाजम. वरची हिरवी पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात, तर मुळाशी वाळक्या गवताचा भास देणारे तपकिरी, कुरळे धागे पॉलिप्रोपिलीनचे असतात. पाती उपटून येऊ नयेत म्हणून कापडाच्या मागच्या बाजूला लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवतात आणि पाणी खाली जाण्यासाठी त्याला ठरावीक अंतरावर भोके पाडतात. हा माल साधारण दोन मीटर रुंदीच्या गुंडाळ्यांत येतो आणि चौरस फुटाच्या भावाने विकला जातो. पात्यांची उंची २५, ३५ किंवा ४० मिलिमीटर अशी सांगितली जाते आणि ग्राहक बहुधा तेवढे एकच माप विचारतो.

मुंबई-ठाण्यातील गॅलऱ्या आणि गच्च्या, अलिबाग-दापोलीकडील सुट्टीची घरे, गोव्यातील बंगले अशा ठिकाणी या गवताचा वापर वाढत आहे. त्याच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या जातात. ते वर्षभर हिरवे राहते, त्याला पाणी लागत नाही, माळी लागत नाही आणि पावसाळ्यात चिखल होत नाही. हे चारही दावे काही परिस्थितीत खरे आहेत. मात्र ती परिस्थिती कोकण किनाऱ्यावरच्या उघड्या अंगणाची नाही. जिथे माती आहे तिथे या गवताने मिळते त्याहून जास्त गमावले जाते. जिथे माती नाहीच, अशा आडोशाच्या थोड्या जागेत ते उपयोगी पडू शकते, तेही नीट बसवले तर.

मूळ गरज

या गवताची प्रसिद्धी ज्या शहरापासून सुरू झाली ते शहरही उष्ण, दमट, भरपूर पावसाचे आणि किनाऱ्याजवळचे होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम हे छत असलेले क्रीडागृह उघडले. आत नैसर्गिक गवत लावले होते आणि छताच्या पारदर्शक तावदानांतून त्याला ऊन मिळत होते. त्या तावदानांच्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली गेली आणि ऊन बंद झाल्याने गवत मेले. १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरले गेले आणि पुढे ते ॲस्ट्रोटर्फ या नावाने जगभर पोहोचले. म्हणजे अशाच हवामानाच्या शहरात हे गवत आले, पण छताखाली, वातानुकूलित जागेत, जिथे ऊनही नव्हते आणि पाऊसही नव्हता.

भारतीयांना त्याची ओळख झाली ती हॉकीमुळे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर राहिला. पुढे हॉकीसाठी जी उत्तम मैदाने तयार झाली त्यांच्यावर सामन्याआधी पाणी मारावे लागते, कारण कोरड्या पात्यांवर घर्षण वाढते आणि पडणाऱ्या खेळाडूची कातडी सोलवटते. पाणी लागत नाही हा दावा क्रीडांगणावरही पूर्ण खरा ठरलेला नाही.

घराच्या अंगणापर्यंत हे गवत आले ते मुख्यतः कोरड्या प्रदेशांतून. जिथे पाऊस तुटपुंजा आहे आणि बागेला नळाचे पाणी घालावे लागते, तिथे पाण्याची बचत हा वजनदार युक्तिवाद आहे. तरीही कॅलिफोर्नियासारख्या दुष्काळी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना निवासी जागेतील कृत्रिम गवतावर बंदी घालण्याची मोकळीक दिली. पाणी वाचवण्याची सर्वाधिक गरज असलेल्या ठिकाणीही इतर तोट्यांचा विचार करावा लागला आहे. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला सुमारे २३०० मिलिमीटर आणि दक्षिणेकडे रत्नागिरीत त्याहून बराच अधिक पाऊस पडतो. अशा भूमीत तोच युक्तिवाद तपासल्याशिवाय स्वीकारणे बरोबर नाही.

ऊन

नैसर्गिक गवत थंड का असते याचे उत्तर बाष्पीभवनात आहे. मुळे जमिनीतून पाणी ओढतात, पाने ते हवेत सोडतात आणि पाण्याची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खर्च होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच इथे घडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. उन्हाळ्यात चांगल्या ओलाव्यातले गवत दर चौरस मीटरमागे दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडते, म्हणजे अडीच युनिटांहून अधिक उष्णता तिथल्या तिथे संपवते. एप्रिल-मे महिन्यांत एवढ्याच जागेवर दिवसभरात सहा-सात युनिटांइतकी सौरऊर्जा पडते. त्यातला मोठा वाटा गवत असा पचवते.

प्लास्टिकच्या पात्याजवळ ही सोय नाही. ते ऊन शोषते, तापते आणि ती उष्णता हवेला, भिंतींना आणि पायांना परत देते. भर दुपारी उघड्यावरील कृत्रिम गवताच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. त्यावर अनवाणी उभे राहणे अवघड असते. लहान मुलांना आणि कुत्र्यांच्या पंजांना ते भाजते. पाणी शिंपडले की ते गार होते, पण पाणी धरून ठेवायला खाली माती आणि मुळे नसल्यामुळे थोड्याच वेळात पुन्हा तापते. ज्या दिवसांत कोकणातल्या विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत हे गवत गार ठेवायला पाणी लागते.

किनाऱ्यावर या उष्णतेचा त्रास आकड्यांवरून वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे अशी अट लावतो, किनारपट्टीवर मात्र ती ३७ अंशांची आहे. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीराला स्वतःला थंड ठेवणे जड जाते. अशा हवेत घराच्या दारात आणखी एक तापणारा पृष्ठभाग तयार करणे घरातल्या वृद्धांच्या आणि मुलांच्या दृष्टीने अहिताचे आहे. उंच इमारतींच्या शहरात आणखी एक धोका असतो. समोरच्या काचेवरून परावर्तित झालेले ऊन एकाच पट्ट्यावर पडत राहिले तर तेवढ्या भागातली पाती वितळून चिकटतात. दिवाळीतली पणती, उदबत्तीचे निखारे आणि फुलबाजीची ठिणगी यांचेही तसेच डाग पडतात आणि ते जात नाहीत.

पाऊस

कोकणातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तो सरींनी पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस अपवाद होता, पण तासाला ५० मिलिमीटरची सर इथे दर वर्षी येते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर अशा एका तासात साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी जमा होते. गवत पाणी झिरपू देते असे विक्रेता सांगतो तेव्हा तो फक्त जाजमातल्या भोकांबद्दल बोलत असतो. भोकांतून उतरलेले पाणी पुढे कुठे जाते यावर घराचे नुकसान ठरते.

गच्चीवर ते पाणी कोब्यावर येते. कोब्याला पाईपच्या तोंडाकडे उतार काढलेला असतो, पण तो थोडाच असतो आणि पाणी मोकळे वाहील हे गृहीत धरून काढलेला असतो. त्यावर जाजम सपाट चिकटवले की पाण्याला सरकायला वाट राहत नाही. धूळ, पाने आणि पात्यांत भरलेली वाळू वाहत जाऊन जाळीशी साचते आणि पाईपचे तोंड अर्धे बुजते. वरून सगळे हिरवे दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही. खालच्या मजल्यावर छताला ओल आली, पोपडे सुटले म्हणजे कळते. तोपर्यंत पाणी वॉटरप्रूफिंगच्या थरावर आठवडेच्या आठवडे उभे राहिलेले असते. काही कारागीर कडा उचलू नयेत म्हणून खिळे मारतात. गच्चीत मारलेला प्रत्येक खिळा गळतीची वाट उघडतो.

जमिनीवरचा प्रश्न वेगळा आहे. कोकणातील जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यात लवकर उतरते आणि तितक्याच लवकर उताराने निघून जाते, म्हणून भरमसाट पाऊस पडूनही कित्येक गावांत एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागतात. अशा ठिकाणी अंगणात, परसात जेवढे पाणी मुरेल तेवढे मोलाचे असते. खडीच्या थरावर नीट बसवलेले कृत्रिम गवत पाणी मुरू देते, हे खरे आहे. पण पहिल्याच पावसात माती बसून जाजम खाली-वर होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी खाली सिमेंटचा कोबा घालतात. कोबा घातला की अंगणाचे मुरणारे पाणी गटारात जाऊ लागते. कोबा घातला नाही तर दबलेल्या मातीत खड्डे पडून पाणी साचते. मोठ्या पावसात सपाट पृष्ठभाग आणि मुरणारे पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे खर्चिक असते आणि घरगुती कामात तो खर्च क्वचितच केला जातो.

ओल

पावसाळ्याच्या शेवटी अशा जाजमाचा कोपरा उचलून पाहिला तर काय घडले आहे ते स्पष्ट दिसते. पाठीच्या थरावर काळपट, बुळबुळीत साय धरलेली असते. त्याखालच्या चिखलात कुजक्या पानांचा वास असतो, गोगलगायी आणि वाणी दडलेल्या असतात, पण गांडुळाने वर आणलेली ताजी माती दिसत नाही. पालापाचोळा जमिनीला मिळत नाही, ऊन पोहोचत नाही आणि माती घट्ट दाबली जाते. त्यामुळे गांडुळे नाहीशी होतात आणि वर्षा-दोन वर्षांत ती जमीन निर्जीव होते. जाजम काढल्यावर ती लगेच पूर्ववत होत नाही.

वरच्या बाजूला शेवाळ धरते. शेवाळाला मातीची गरज नसते. उजेड, ओल आणि धुळीचा पातळ थर एवढे पुरते आणि पात्यांच्या बुंध्याशी ते तिन्ही मिळते. मग चिखल टाळण्यासाठी अंथरलेली जागाच घसरडी होते. आंब्याखाली परिस्थिती आणखी वाईट असते. मोहरावर तुडतुडे पडले की त्यांचा चिकट, गोडसर स्राव खाली ठिबकतो, त्यावर धूळ बसते आणि काळी बुरशी वाढते. मातीवर पडलेला चिकटा मातीत जिरतो. प्लास्टिकवरचा ब्रशने घासून काढावा लागतो. पाळीव कुत्रा असेल तर त्याच्या मूत्राचे क्षार खालच्या थरात साठतात आणि दमट हवेत त्यांची दुर्गंधी येत राहते. माळी लागत नाही हे खरे असले तरी घासणारा माणूस लागतो.

डासांचा मुद्दा आरोग्याचा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला अगदी थोडे साचलेले स्वच्छ पाणी पुरते आणि आठवडाभरात अळीचा डास होतो. गच्चीतले खोलगट भाग, बुजलेले पाईपचे तोंड आणि जाजमाखाली उलट्या बसवलेल्या प्लास्टिकच्या जाळीदार फरशांच्या वाट्या यांत असे पाणी दिसत नाही, पण असते. उघड्या फरशीवर साचलेले पाणी झाडूने लोटता येते. जाजमाखालचे पाणी शोधायलाच जाजम उचलावे लागते.

आयुष्य आणि कचरा

प्लास्टिक उन्हात ठिसूळ होते. ते लांबवण्यासाठी पात्यांच्या कच्च्या मालात अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी रसायने मिसळतात. त्यांचे प्रमाण आणि दर्जा यांवर गवताचे आयुष्य ठरते आणि स्वस्त मालात नेमकी तिथेच काटकसर होते. रंग उडतो, वर्दळीच्या वाटेवर पाती कायमची झोपतात, लॅटेक्सचा थर सततच्या ओलीने सुटू लागतो. समुद्राजवळ खारी हवा लोखंडी खिळे-पट्ट्या गंजवते आणि गंजाचे ओघळ फरशीवर उतरतात.

निरुपयोगी झालेल्या या मालाचे करायचे काय, याला घरमालकाजवळ उत्तर नसते. पाती एका प्लास्टिकची, कापड दुसऱ्या, पाठीचा थर तिसऱ्या पदार्थाचा आणि सगळ्यांत वाळू-चिखल अडकलेला. हे वेगळे करून पुनर्वापरात आणणे अवघड आहे, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. एका चौरस मीटरचे वजन दोन-तीन किलो धरले तर शंभर चौरस मीटरच्या अंगणातून दोनशे-तीनशे किलो प्लास्टिक शेवटी कचराभूमीवर जाते किंवा घरामागे जाळले जाते. त्याआधीही तुटलेल्या पात्यांचे तुकडे पावसाच्या पाण्यासोबत गटारात, ओढ्यात, खाडीत उतरत राहतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. त्यात क्रीडांगणांच्या कृत्रिम गवतात भरल्या जाणाऱ्या रबराच्या चुऱ्याची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद होणार आहे. घरगुती गवतात बहुधा रबर नसून वाळू असते, तरी पाती स्वतः प्लास्टिकचीच आहेत. ज्या भागात पाऊस अंगण धुऊन थेट खाडीत नेतो आणि त्या खाडीतल्या मासळी-कालवांवर लोक जगतात, तिथे हा मुद्दा दुय्यम मानता येत नाही.

बाजूचे युक्तिवाद

कृत्रिम गवत निवडणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. सदनिकेच्या गॅलरीत माती नसते आणि इमारतीवर मातीचे ओझे टाकणे योग्य नसते. उत्तरेच्या किंवा दोन इमारतींमधल्या सावलीत गवत जगत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना बागकाम झेपत नाही. रांगणाऱ्या मुलासाठी मऊ जागा हवी असते. शिवाय नैसर्गिक हिरवळही निर्दोष नाही. रोपवाटिकेतून आणलेली, नीट कापून राखायची मेक्सिकन किंवा सिलेक्शन-वन जातीची हिरवळ ऑक्टोबरपासून मेपर्यंत रोज पाणी मागते, खते आणि कीटकनाशके मागते. पाणी ओतून अशी हिरवळ जगवणे हाही किनाऱ्यावरच्या घराला न परवडणारा शौक आहे.

म्हणूनच जागेचा प्रकार पाहून निर्णय व्हायला हवा. छत असलेली गॅलरी, पावसाची झड न येणारा सज्जा, मुलांच्या खेळण्याचा एखादा कोपरा अशा ठिकाणी ऊन आणि पाऊस दोन्ही कमी पोहोचतात. तिथे पन्नास-साठ चौरस फुटांचा उचलता येणारा तुकडा अंथरणे गैर नाही. उघडी गच्ची ही संशयाची जागा आहे. मातीचे अंगण ही नकाराची जागा आहे.

बसवायचेच असेल तर

काही नियम पाळले तर नुकसान पुष्कळ कमी होते. पाती आखूड, २५ मिलिमीटरच्या आसपासची घ्यावीत, कारण उंच पात्यांत ओल आणि घाण अधिक अडकते. पाठीचा थर पॉलियुरेथेनचा असल्यास सततच्या ओलीत तो लॅटेक्सपेक्षा चांगला टिकतो. रबराचा चुरा भरू नये. विक्रेत्याकडून अतिनील संरक्षणाची लेखी हमी घ्यावी आणि ती भारतातल्या उन्हासाठी आहे का हे विचारावे.

गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग तपासावे, पाणी कोंडून चाचणी करावी आणि उतार पाईपकडेच आहे याची खात्री करावी. जाजम सरळ कोब्यावर न टाकता पाणी न साचणाऱ्या जाळीदार फरशांवर उचलून टाकावे. पाईपच्या तोंडाभोवतीची जागा पूर्ण मोकळी ठेवावी. संपूर्ण चिकटवू नये, खिळा तर मुळीच मारू नये. तुकडे असे कापावेत की दोन माणसांना ते गुंडाळता येतील. मे महिन्याच्या अखेरीस ते गुंडाळून कोरड्या जागी ठेवणे आणि गच्ची पावसासाठी मोकळी सोडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

जमिनीवर अंथरायचे झाल्यास वरची माती काढून दुसरीकडे झाडांना घालावी. तळाला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार द्यावा, त्यावर पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाईल कापड, मग खडीचा आणि बारीक ग्रिटचा तीन-चार इंचांचा थर धुम्मस करून बसवावा. कोबा घालू नये. कडेला पाणी निघून जायला चर ठेवावा. खिळे गंजरोधक असावेत. झाडाच्या बुंध्याभोवती पसरत्या फांद्यांइतकी जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

पर्याय

कोकणातील घरबांधणीने हा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे. पाऊस संपला की घरापुढचे खळे खणून, भिजवून, चोपण्याने चोपून सपाट करायचे आणि शेणाने सारवायचे, वर मांडव घालायचा. उन्हाळाभर तिथे बसणे, वाळवण, लग्नकार्य सगळे व्हायचे. पुढच्या पावसात ते पुन्हा मातीचे होई. जमिनीचा पृष्ठभाग बारमाही एकसारखा ठेवण्याचा हट्ट त्या रीतीत नव्हता आणि सावली ही त्या रीतीची मुख्य सोय होती. आज दर वर्षी खळे करणे सर्वांना जमणार नाही, पण त्यामागचा विचार वापरता येतो.

वर्दळीच्या वाटेवर जांभ्याचे चिरे सिमेंटशिवाय, सांधे मोकळे ठेवून बसवले तर चिखल होत नाही आणि सांध्यांतून पाणी मुरते. उन्हाच्या जागी हरळी म्हणजे दूर्वाच लावता येते. ती या मातीतली आहे, पावसात दाट होते, उन्हाळ्यात पाण्याशिवाय वाळली तरी मुळे जिवंत ठेवते आणि पहिल्या सरींनी परत फुटते. सावलीत रुंद पात्यांचे कार्पेट गवत तग धरते. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ब्राह्मी पसरते. गॅलरीत ऊन असेल तर कुंडीतली ऑफिस टाईमची फुले आणि ऊन नसेल तर मनीप्लांट, नेचे यांनी हिरवेपणाची गरज भागते. गच्ची गार ठेवायची असेल तर पांढरी चायना मोझॅक फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग कृत्रिम गवतापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरतो.

गृहनिर्माण संस्थांनी या बाबतीत स्वतःचा नियम करायला हवा, कारण गच्चीची गळती आणि डासांचा उपद्रव सर्वांना सोसावा लागतो. सामाईक गच्चीवर कायमचे जाजम चिकटवायला मनाई, आवारातल्या मातीवर कोबा किंवा प्लास्टिक अंथरायला मनाई आणि खाजगी गॅलरीत उचलता येण्याजोग्या तुकड्यांना मुभा एवढे तीन नियम पुरेसे आहेत. घर घेणाऱ्याला आणि बांधणाऱ्यालाही निर्णयापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत: खाली माती आहे का, वरून ऊन-पाऊस थेट येतो का आणि हा माल निकामी झाल्यावर कोण, कुठे नेणार. पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल किंवा तिसऱ्याला उत्तरच नसेल, तर तिथे कृत्रिम गवत घालू नये.